पुरलेलं विमान पुन्हा उडतं, तेव्हा त्यातलं जुनं किती असतं?

प्रश्न असा आला आहे: दुसऱ्या महायुद्धात बर्फात, वाळूत, चिखलात गाडली गेलेली विमानं ५०-७० वर्षांनी काढून खरंच पुन्हा उडवतात, की जुन्या नंबरची पाटी लावून नवंच विमान बांधतात? ब्रह्मदेशात पुरलेल्या म्हणतात त्या स्पिटफायर्सचं, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानांचं, पुढे काय झालं? आणि ईशान्येच्या डोंगरांत फिरताना कुणाला असा सांगाडा दिसला, तर त्याने काय करायचं?

मी ओझरला मिगच्या सांगाड्यांवर पत्र्याचं काम शिकलो आणि नंतर बरीच वर्षं इंग्लंडमध्ये जुन्या विमानांच्या कार्यशाळेत काढली. तिथल्या अनुभवावरून सांगतो: जमिनीतून निघालेलं विमान पुन्हा उडतं, तेव्हा ते बहुतेक वेळा बहुतांशी नवं असतं. याला अपवाद आहेत. ते अपवाद का झाले हे समजलं, की बाकीचं आपोआप उलगडतं.

सगळ्यात मोठा अपवाद ग्रीनलंडचा. १५ जुलै १९४२ या दिवशी अमेरिकेची दोन बी-१७ बॉम्बर आणि सहा पी-३८ लाइटनिंग लढाऊ विमानं ब्रिटनला पोचवण्यासाठी निघाली होती. आइसलंडच्या वाटेवर हवामान इतकं बिघडलं की त्यांना मागे फिरावं लागलं. इंधन संपत आलं आणि आठही विमानं ग्रीनलंडच्या हिमपठारावर उतरवावी लागली. पहिल्या लाइटनिंगने चाकं खाली सोडून पाहिलं. चाक बर्फात रुतलं आणि विमान पालथं झालं. ते बघून बाकीच्यांनी चाकं आतच ठेवली आणि विमानं पोटावर घसरवली. एकूण २५ माणसं होती, सगळी वाचली. काही दिवसांनी बचावपथक पोचलं, माणसं चालत किनाऱ्यावर आली, विमानं तिथेच राहिली.

पोटावर उतरल्याने या विमानांचे पंखे वाकले आणि खालचा पत्रा खरवडला गेला, पण मूळ सांगाडा धड राहिला. गोळी लागून नाकावर कोसळलेलं विमान जमिनीत शिरतं, तेव्हा त्याचे आधीच हजार तुकडे झालेले असतात. उडण्याजोगं विमान निघेल की नाही, याचा अर्धा निकाल अशा रीतीने ते खाली आलं त्या क्षणीच लागलेला असतो.

अटलांटाचे पॅट एप्स आणि रिचर्ड टेलर या दोघांनी १९८१ पासून शोध सुरू केला. वर शेपट्या दिसतील, थोडं बर्फ उकरू आणि विमान सुरू करून उडवत आणू, अशी सुरुवातीची कल्पना होती. प्रत्यक्षात १९८८ मध्ये रडारने जागा सापडली, तेव्हा विमानं तब्बल २६८ फूट, म्हणजे ८० मीटरहून जास्त खोल होती. हिमनदीच्या ओघात ती मूळ जागेपासून मैलभराहून दूर सरकलीही होती. वरून दरवर्षी पडणारा बर्फ दाबला जात होता आणि विमानं त्याखाली हळूहळू जात होती.

तिथे फावडी चालणार नव्हती. त्यांनी शंकूच्या आकाराचं एक यंत्र बनवलं आणि त्याला तांब्याच्या नळ्यांची वेटोळी गुंडाळली. नळ्यांतून गरम पाणी फिरत राहायचं, खालचा बर्फ वितळायचा, ते पाणी पंपाने वर ओढायचं आणि यंत्र स्वतःच्या वजनाने खाली उतरायचं. त्यातून माणूस जेमतेम उतरेल एवढी, चारेक फूट रुंदीची विहीर तयार झाली. १९९० मध्ये ते एका बी-१७ पर्यंत पोचले आणि निराश झाले, कारण बर्फाच्या भाराने बॉम्बर चेचला गेला होता. १९९२ मध्ये पुन्हा गेले ते लाइटनिंगसाठी. गरम पाण्याच्या फवाऱ्याने विमानाभोवती गुहा वितळवली, विमान तिथेच सुटं केलं आणि एकेक भाग त्या विहिरीतून वर ओढला.

बॉम्बर चेचला आणि लाइटनिंग टिकलं, याचं कारण मला बांधणीत दिसतं. बी-१७ चा धड म्हणजे पातळ पत्र्याचा मोठा पोकळ नळकांडा. आत हवा, बाहेरून प्रचंड दाब, मग तो दबणारच. लाइटनिंगमध्ये पोकळ जागा कमी. मध्ये आखूड धड, दोन बाजूंना इंजिनं आणि त्यांच्या मागे निमुळत्या होत गेलेल्या दोन शेपट्या, सगळं आटोपशीर आणि जाड हाडाचं. तरीही त्याचे असंख्य भाग वाकले होते, हे केंटकीमधल्या मिडल्सबरो गावात काम सुरू झाल्यावर लक्षात आलं. रॉय शॉफ्नर या उद्योजकाने पैसा पुरवला, बॉब कार्डिन यांनी काम सांभाळलं आणि त्यात दहा वर्षं गेली. २६ ऑक्टोबर २००२ रोजी स्टीव्ह हिंटन यांनी ते विमान उडवलं. आज ते ‘ग्लेशियर गर्ल’ या नावाने ओळखलं जातं. २००७ मध्ये १९४२ चा अर्धवट प्रवास पुरा करायला ते इंग्लंडकडे निघालं, पण कॅनडाच्या पूर्व टोकाला इंजिनाच्या शीतकाची गळती निघाली आणि प्रवास तिथेच थांबवावा लागला. थांबवला हे योग्यच केलं. समुद्रावर एवढ्या जुन्या यंत्राशी हट्ट करायचा नसतो.

ग्लेशियर गर्लमध्ये मूळ धातू एवढा शिल्लक राहिला, याचं कारण समजून घ्यायला हवं. अॅल्युमिनियम गंजायला द्रवरूप पाणी लागतं, आणि पाण्यात क्षार असले तर विनाश झपाट्याने होतो. हिमपठारावरचा बर्फ गोड्या पाण्याचा आणि कायम शून्याखाली. तिथे रासायनिक क्रिया जवळजवळ थांबलेली असते, नुकसान होतं ते दाबाने. वाकलेला भाग सरळ करता येतो, निदान त्याचं माप घेऊन तसाच दुसरा बनवता येतो. आतून कुजलेल्या भागाचं काहीच करता येत नाही.

आता याच्या उलट उदाहरण. फ्रान्समध्ये कॅलेजवळच्या किनाऱ्यावर २४ मे १९४० रोजी पीटर कॅझेनोव्ह या वैमानिकाने गोळी लागलेली आपली स्पिटफायर, क्रमांक पी९३७४, वाळूवर उतरवली. तो स्वतः पुढे जर्मनांच्या कैदेत गेला आणि विमान वाळूने गिळलं. १९८० मध्ये ते वर आलं. उतरताना मोडलं नव्हतं, म्हणजे सुरुवात ग्रीनलंडसारखीच चांगली होती. पण ४० वर्षं भरती-ओहोटीचं खारं पाणी त्यातून खेळत होतं. २०११ मध्ये ते पुन्हा उडालं आणि २०१५ च्या लिलावात सुमारे ३१ लाख पौंडांना गेलं. त्यातला आज भार पेलणारा सांगाडा मात्र बहुतांश नव्या धातूचा आहे. दुसरा मार्गच नव्हता.

युद्धकाळातली बहुतेक विमानं ड्युराल्युमिनची, म्हणजे तांबं मिसळलेल्या अॅल्युमिनियमची असतात. तांब्यामुळे ताकद येते आणि तांब्यामुळेच गंजाला वाट मिळते. खारं पाणी धातूच्या कणांमधल्या सीमांवरून आत शिरतं. वरून पत्रा ठीक दिसतो, रंगसुद्धा शाबूत असतो, आणि बोट लावलं की चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. पोलादी बोल्ट जिथे अॅल्युमिनियमला चिकटून आहेत तिथे दोन धातूंत विद्युत्-रासायनिक झटापट चालू राहते आणि अॅल्युमिनियम आधी संपतो. मॅग्नेशियमचे ओतीव भाग असतील तर त्यांच्या जागी बहुतेक वेळा पांढरी भुकटीच सापडते. इंजिनं जाड, म्हणून ती ओळखू येतात. ओळखू येणं आणि चालणं यांत मात्र फार अंतर आहे.

दलदलीची गोष्ट तिसरीच. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) दलदलीत ३० नोव्हेंबर १९४१ रोजी एक स्पिटफायर कोसळली. वैमानिक रोलंड वुल्फ हवाई छत्रीने उतरला. तटस्थ आयर्लंडने त्याला स्थानबद्ध केलं, तो निसटून ब्रिटिश हद्दीत गेला आणि ब्रिटनने त्याला परत पाठवलं, कारण तटस्थ देशाशी दिलेला शब्द मोडायचा नव्हता. २०११ मध्ये ते विमान उकरलं तेव्हा त्याचे तुकडेच निघाले, पण पीटमध्ये प्राणवायू जवळजवळ नसल्याने मशीनगन्स इतक्या चांगल्या होत्या की साफसफाई करून त्यांतली एक पुन्हा झाडता आली. ७० वर्षांनी! म्हणजे तिथे विमान गेलं, पोलाद वाचलं. ‘विमान किती वर्षं पुरलेलं होतं’ या प्रश्नाला आमच्या कामात फारसा अर्थ नसतो. आम्ही विचारतो ते कशात पुरलं होतं आणि कसं पडलं होतं.

कार्यशाळेत आलेल्या अवशेषाचं पुढे काय होतं, ते सांगतो. आधी दारूगोळा नाही ना याची खात्री, मग फोटो, मग प्रत्येक तुकड्याला खूणचिठ्ठी. जुने रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, ड्रिलने काढून पत्रा सोडवायचा, आणि तेही असं की मूळ छिद्राचं माप बिघडू नये, कारण हाच कुजका पत्रा नव्या पत्र्याचा साचा होणार असतो. कारखान्याची रेखाचित्रं मिळतात, पण त्यांत सगळं नसतं. युद्धाच्या घाईत कारागिरांनी जागेवर केलेले बदल फक्त अवशेषातच दिसतात. भार न पेलणारे भाग, म्हणजे कंस, झाकणं, दांडे, आसनाचे तुकडे, चांगले असतील तर तपासून परत बसवता येतात. तपासणी म्हणजे डाय पेनेट्रंटने भेगा शोधणं, एडी करंटने धातूची अवस्था पाहणं, पोलादी भागांसाठी चुंबकीय कणांची चाचणी, शंका असेल तिथे एक्स-रे.

पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे भार पेलणारा कणा, मात्र बहुतेक नवाच करावा लागतो. स्पिटफायरचा स्पार म्हणजे एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्यांची रचना. पंखाच्या मुळाशी नळ्यांचे थर जास्त, टोकाकडे कमी होत जाणारे. कल्पना अप्रतिम आहे, पण त्या नळ्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरलं की ते बाहेरून दिसत नाही. तिथे मन घट्ट करून नवी नळी मागवावी लागते. वैमानिकाचा जीव त्या नळीवर लटकलेला असतो.

रिव्हेटचीही एक गंमत सांगतो, कारण ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. ड्युराल्युमिनचे मजबूत रिव्हेट भट्टीत तापवून पाण्यात विझवले की काही काळ मऊ राहतात आणि मग आपोआप कडक होत जातात. म्हणून ते डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे. थंडीत कडक होण्याची क्रिया मंदावते. बाहेर काढले की काही मिनिटांतच ठोकायचे. एक जण बाहेरून हातोडी चालवतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो. दोघांची लय जुळायला लागते. एका विमानात असे हजारो.

मग हे ‘तेच’ विमान म्हणायचं का? कागदोपत्री ओळख टिकते ती क्रमांकपट्टी, लष्करी क्रमांक आणि अवशेषाचा अखंड मालकी-इतिहास यांवर. माझं मत विचाराल तर एक पट्टी आणि चार कंस घेऊन बांधलेल्या विमानाला मी सुंदर प्रतिकृती म्हणेन. त्यात कमीपणा काही नाही, पण विकताना आणि सांगताना ते तसंच सांगितलं पाहिजे. कोणता भाग मूळ, कोणता नवा याची वही विमानासोबत राहिली पाहिजे आणि काढलेला जुना धातू भंगारात न जाता खूणचिठ्ठीसह जपला पाहिजे. तो कुजका स्पारच १९४० सालचा खरा साक्षीदार असतो.

आणि काही विमानं उडवूच नयेत. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सच्या समुद्रतळावरून १० जून २०१३ रोजी एक जर्मन डॉर्नियर १७ बॉम्बर वर काढला. त्या जातीचा इतका अखंड अवशेष जगात दुसरा नाही. इंग्लंडमधल्या कॉसफर्डच्या हवाई दल संग्रहालयात तंबूसारख्या बोगद्यात ठेवून त्यावर सौम्य सायट्रिक आम्लाचं पाणी सतत फवारलं, म्हणजे धातूतले क्षार आणि समुद्री थर हळूहळू सुटतात. त्याचं नवं विमान करायचं कुणाच्या मनात नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. फिनलंडनेही हेच केलं. १९४२ मध्ये लढाईनंतर तलावात पडलेलं त्यांचं ब्रूस्टर लढाऊ विमान १९९८ मध्ये निघालं, आणि ते मूळ रंग, मूळ ओरखड्यांसकट तसंच ठेवलं आहे. रंगवून चकचकीत केलं असतं तर ते एकच विमान जगातून कायमचं गेलं असतं.

ब्रह्मदेशाच्या प्रश्नाचं उत्तर: तिथे विमानं सापडली नाहीत. युद्धाच्या शेवटी नव्याकोऱ्या स्पिटफायर्स पेट्यांत बंद करून रंगूनच्या मिंगलाडॉन विमानतळावर पुरल्या, अशी ती गोष्ट. डेव्हिड कंडल या इंग्लिश शेतकऱ्याने ती वर्षानुवर्षं मनावर घेतली, २०१२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी ती म्यानमारच्या राष्ट्राध्यक्षांपुढे मांडली, आणि जानेवारी २०१३ मध्ये वॉरगेमिंग या व्हिडिओ गेम कंपनीच्या पैशाने पुरातत्त्वज्ञांसह खोदकाम झालं. महिन्याभरात निष्कर्ष आला: पुरावा नाही. माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट खड्ड्यात नव्हती, ती कागदांत होती. रंगूनच्या गोदीतून माल हाताळणाऱ्या तुकडीच्या नोंदींत १९४५-४६ मध्ये तीन जहाजांतून आलेली एकूण ३७ विमानं आहेत, त्यांत एकही पेटीबंद स्पिटफायर नाही आणि बरीचशी विमानं पुढे परत पाठवलेली दिसतात.

उपकरणांचंही समजून घ्या. चुंबकमापकाला अॅल्युमिनियम दिसत नाही, इंजिनातलं आणि बंदुकांतलं पोलाद दिसतं. विमानतळाच्या जुन्या जमिनीत पाइप, केबल, धावपट्टीच्या लोखंडी जाळ्या असं पोलाद कितीतरी असतं. जमीनभेदी रडार बर्फात आणि कोरड्या वाळूत डोळ्यासारखं काम करतं, पण ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. ‘जमिनीखाली काहीतरी आहे’ एवढंच उपकरण सांगतं. ते विमान आहे हे कागदांनी सांगावं लागतं. आणि क्षणभर धरू की मेणकागदात गुंडाळलेल्या विमानांच्या पेट्या होत्या: दरवर्षी पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या त्या मातीत सहा-सात दशकं लाकडी पेटी कोरडी राहील, यावर मी कधीच विश्वास ठेवला नसता.

आपल्याकडे लोकांना पुरलेल्या विमानांचं कुतूहल फार, पण भारताने जगाला दिलेली विमानं उघड्यावर राहिलेली आहेत. हरिकेन आर४११८ हे १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या हवाई लढाईत प्रत्यक्ष लढलेलं ब्रिटिश लढाऊ विमान पुढे भारतात प्रशिक्षणासाठी आलं आणि बनारस हिंदू विद्यापीठाला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मिळालं. पीटर व्हॅचर यांनी ते १९८२ मध्ये तिथे पाहिलं, २००१ मध्ये इंग्लंडला नेलं आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा आकाशात गेलं. उन्हापावसात अर्धं शतक काढूनही ते अखंड होतं, कारण त्याला समुद्राचं पाणी लागलं नव्हतं आणि ते कधी जमिनीवर आदळलं नव्हतं.

कानपूरची गोष्ट तर मला या सगळ्यांत मोठी वाटते. युद्धानंतर ब्रिटिशांनी तिथे लिबरेटर बॉम्बर सोडून दिले, तेही कुणाला वापरता येऊ नयेत असे बिघडवून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून एकेक विमान उडण्यापुरतं जुळवलं आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळुरूला उडवत नेली. तिथे पूर्ण दुरुस्ती होऊन १९४८ च्या अखेरीस भारतीय हवाई दलाचं पाच क्रमांकाचं स्क्वाड्रन त्यांवर उभं राहिलं. १९६८ पर्यंत आपण ती वापरली, जगात सगळ्यांत शेवटी. आज परदेशी संग्रहालयांत जे मोजके लिबरेटर उरले आहेत, त्यांतले कित्येक भारतातून गेलेले आहेत. या कारागिरांची नावं कुठे कोरलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता ईशान्येबद्दल. आसामहून चीनला रसद नेणारी शेकडो अमेरिकन विमानं ‘हंप’च्या, म्हणजे हिमालय ओलांडणाऱ्या हवाई मार्गाच्या, वाटेवर पडली. त्यांतले बरेच सांगाडे अरुणाचलच्या जंगलात आहेत आणि त्यांतल्या अनेक माणसांचा अजून पत्ता नाही. अमेरिकेचं सरकारी पथक भारताच्या परवानगीने त्यांचा शोध घेतं. पासीघाटला २०२३ मध्ये याचं संग्रहालयही उघडलं. तेव्हा असा सांगाडा म्हणजे आधी एखाद्याची कबर असू शकते, हे लक्षात ठेवा. काहीही उचलू नका, हलवू नका. काडतुसं अजून जिवंत असू शकतात, उपकरणांच्या चमकणाऱ्या तबकड्यांना रेडियमचा रंग असतो आणि तो झडलेला असेल तर श्वासावाटे शरीरात जातो. हाड, बूट, कापड, ओळखपट्टी यांतलं काही दिसलं तर तिथेच थांबा.

जीपीएसची जागा नोंदवा. लांबून सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मग जवळून फक्त आकड्यांचे: शेपटीवरचा क्रमांक, इंजिनावरची पट्टी, भागांवर ठोकलेले छोटे अंक आणि तपासनीसाचे शिक्के. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या भागांचे क्रमांक ३०० ने सुरू होतात. प्रत्येक कारखान्याची अशी स्वतःची पद्धत होती, त्यामुळे तळहाताएवढ्या तुकड्यावरूनही विमान कोणतं ते बहुतेक वेळा सांगता येतं. गावच्या बुजुर्गांना विचारा, त्यांना ती जागा तुमच्या आधीपासून ठाऊक असते. मग फोटो आणि जागेची नोंद जिल्हा प्रशासनाकडे द्या. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर जागा लिहू नका, भंगारवाले ते तुमच्याआधी वाचतात.